आधी जावक वही उघडा

चाकणजवळच्या एका कारखान्यात काही वर्षांपूर्वी मी कार्यालयीन लेखनाचं प्रशिक्षण द्यायला गेलो होतो. कोणाला किती येतं ते आधी कळावं म्हणून पस्तीस जणांची लेखी चाचणी घेतली. गाळलेल्या जागा भरा, वाक्यं दुरुस्त करा आणि शेवटी 'माल उशिरा आल्याबद्दल पुरवठादाराला पत्र लिहा' असा दहा गुणांचा प्रश्न. खरेदी विभागातल्या एका गृहस्थांनी पहिला नंबर काढला. इंग्रजी स्वच्छ, मराठी त्याहून स्वच्छ. त्यांचं नाव मी 'प्रशिक्षणाची गरज नाही' या यादीत टाकलं. दुपारी चहाच्या वेळी स्टोअर्सचे सुपरवायझर जवळ येऊन म्हणाले, "सर, ह्यांची मेल गेली की पुरवठादार मला फोन करतो. नेमकं काय आणि किती पाठवायचं ते विचारायला."

संध्याकाळी त्या गृहस्थांना विचारून त्यांनी पाठवलेल्या वीसेक मेल आम्ही दोघांनी बसून वाचल्या. नम्र, नीटनेटक्या, व्याकरणाला कुठे खोट नाही. पण किती नग हवेत ते जोडपत्रात, कधीपर्यंत हवेत ते कुठेच नाही आणि समोरच्याने काय करायचं ते चौथ्या परिच्छेदाच्या शेवटी. मी शाळेचा पेपर तपासला होता. कारखान्याला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

तेव्हापासून प्रशिक्षण ठरवण्याआधी मी चाचणीचा कागद काढत नाही, जावक वही उघडायला सांगतो. जिथे वही नाही तिथे पाठवलेल्या मेलचा फोल्डर. माणसं रोज जे लिहितात ते लिहून बाहेर गेलेलं असतं आणि त्याचं बरंवाईटही होऊन गेलेलं असतं. पत्राचं पुढे काय झालं हे कळल्याशिवाय पत्र चांगलं की वाईट हे सांगता येत नाही. तुम्ही पतसंस्थेचे व्यवस्थापक असा, शाखाधिकारी असा की मनुष्यबळ विभागात असा, पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

नमुना कसा काढायचा

पहिल्यांदा एका कागदावर लिहून काढा: आपल्याकडे कोण, कोणाला, काय लिहितं. 'लेखन' म्हटलं की डोळ्यांसमोर पत्र येतं, पण कारखान्यातलं सर्वांत महागडं लेखन बहुधा शिफ्ट बदलतानाच्या नोंदवहीत असतं. 'मशीन बंद. मेंटेनन्सला कळवले.' किती वाजता बंद पडलं, कोणाला कळवलं, तो काय म्हणाला, याचा पत्ता नाही. रात्रपाळीचा माणूस पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागतो. पतसंस्थेत थकबाकीची पत्रं, ठेवीची सूचनापत्रं आणि संचालक मंडळाच्या सभेचं इतिवृत्त ही तीन मुख्य. गृहनिर्माण संस्थेत नोटीस बोर्डावरचा कागद. आणि हल्ली सगळीकडे व्हॉट्सॲपवरचे निरोप. तेही कार्यालयीन लेखनच आहे, कुणी कबूल करो वा न करो.

या यादीतून दोन-तीनच प्रकार निवडा. ज्यांच्यावर पैसा, मुदत किंवा गिऱ्हाईक अवलंबून आहे असे. बाकीचे राहू द्या.

मग नमुने. प्रत्येक माणसाचे पाच-सहा तरी हवेत, कारण एकच माणूस तक्रारीला उत्तर उत्तम देतो आणि इतिवृत्त लिहिताना गडगडतो. नमुने त्याला स्वतःला निवडायला सांगू नका. तो ठेवणीतले काढून देईल. साहेबांनाही सांगू नका. ते मनात बसलेलं पत्र काढतील, चांगलं तरी किंवा वाईट तरी. जावक वहीतला दर दहावा क्रमांक घ्या, विषय संपला. मेल असतील तर गेल्या तीन महिन्यांतल्या ठरावीक वारी पाठवलेल्या घ्या. खाते क्रमांक, पॅन, मोबाईल नंबर झाकून छायाप्रत काढा आणि खालची सही दुमडून टाका. तपासणाऱ्याला नाव दिसलं की तो पत्र न वाचता माणूस वाचतो.

आणि हे सगळं करण्याआधी लोकांना सांगा. 'लेखन तपासणार' असं कानावर आलं की पहिली शंका येते ती पगारवाढीची, दुसरी बदलीची. या नमुन्यांचा वार्षिक मूल्यमापनाशी संबंध नाही, हे व्यवस्थापनाच्या सहीने लेखी द्या आणि नंतर तो शब्द पाळा. एका ठिकाणी तो पाळला गेला नाही. पुढच्या वर्षी त्या कार्यालयातून मला मिळालेली सगळी पत्रं एकाच हातची असावीत इतकी सारखी होती.

पत्राच्या मागावर

आता ज्या कामाला बहुतेक जण बगल देतात ते. प्रत्येक नमुन्यासमोर लिहा: हे गेल्यावर काय झालं? समोरच्याने जे करायला हवं होतं ते केलं का? विचारायला फोन आला का? तेच दुसऱ्यांदा लिहावं लागलं का? साहेबांनी मसुदा किती वेळा परत पाठवला? याला मी 'दुसरा निरोप' म्हणतो. पहिल्या निरोपाने काम झालं नाही म्हणून द्यावा लागलेला निरोप. माहिती कुठून मिळेल? काउंटरवर बसणाऱ्याकडून, टेलिफोन घेणाऱ्या मुलीकडून, शिपायाकडून. कोणत्या पत्रानंतर माणसं हातात कागद घेऊन आत येतात आणि "ह्याचा अर्थ काय हो?" असं विचारतात, हे त्यांना पाठ असतं. दोन आठवडे त्यांच्याजवळ एक कोरी वही ठेवा, प्रत्येक अशा प्रश्नाला एक रेघ. कुठल्याही चाचणीपेक्षा ती वही जास्त सांगते.

एका पतसंस्थेत अशा वहीत सर्वांत जास्त रेघा पडल्या त्या मुदत ठेवीच्या पत्रावर. पत्र साधारण असं होतं:

'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपली संस्थेकडील मुदत ठेव दि. १२ रोजी परिपक्व होत असून, सदर ठेवीबाबत आपणाकडून सूचना प्राप्त न झाल्यास संस्थेच्या नियमानुसार पुढील कार्यवाही करण्यात येईल. तरी याची नोंद घेऊन सहकार्य करावे, ही विनंती.'

यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. ठेवीदार आजीबाईंना मात्र एवढंच कळतं की आपल्या पैशांवर काहीतरी 'कार्यवाही' होणार आहे, आणि त्या घाबरून रिक्षा करून येतात. पत्र लिहिणाऱ्या लिपिकाला मी विचारलं, आजी समोर बसल्या असत्या तर काय सांगितलं असतं? तो एका दमात म्हणाला, "आजी, बारा तारखेच्या आत या नाहीतर मुलाला चिठ्ठी देऊन पाठवा. नाही आलात तर पैसे आणखी एक वर्षासाठी आपोआप ठेवले जातील. मग मध्येच मोडलीत तर व्याज कमी मिळेल."

म्हणजे त्याला विषय माहीत आहे, क्रम माहीत आहे, समोरचं माणूस कोण तेही माहीत आहे. मग लिहिताना काय झालं? "सर, मसुदा वरून आलाय. मी फक्त तारीख बदलतो." त्या लिपिकाला दोन दिवसांच्या कार्यशाळेला बसवून काय मिळणार होतं? दुरुस्त करायचा होता तो मसुदा, आणि तो ज्या कपाटात होता त्याची किल्ली मुख्य कार्यालयात होती.

या भाषेचं मूळ सरकारी कचेरीत आहे. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर शासनव्यवहारासाठी मराठी घडवण्याचं मोठं काम झालं, कोश निघाले, आणि 'करण्यात येते', 'कळविण्यात येते' ही कर्ता लपवणारी वाक्यं त्या व्यवहारात पक्की बसली. शासनाला त्याचं कारण आहे. तिथे व्यक्ती बोलत नाही, पद बोलतं. पण चौकातल्या पतसंस्थेनं ती भाषा अंगावर चढवली की तिच्या अंगाला ती होत नाही. मूल्यमापन करताना प्रत्येक 'करण्यात येईल'खाली पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी लिहा: कोण करणार? उत्तर पत्रातच सापडत असेल तर ठीक. नसेल, तर तिथेच फोन येणार.

तपासणाऱ्यांची तपासणी

नमुने जमले की ते कोण तपासणार हा प्रश्न येतो आणि बहुतेक ठिकाणी उत्तर असतं, 'ज्यांचं मराठी चांगलं ते'. इथे जरा थांबा. १९६१ साली अमेरिकेतल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेत पॉल डीडरिच आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे ३०० निबंध ५३ जणांना वाचायला दिले. वाचणाऱ्यांत प्राध्यापक होते, लेखक-संपादक होते, वकील होते, उद्योगातले अधिकारी होते. निकष काहीही सांगितले नाहीत, फक्त नऊ श्रेणींत विभागायला सांगितलं. ३०० पैकी १०१ निबंधांना एक ते नऊ अशा सगळ्या श्रेणी मिळाल्या. पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळालेला एकही निबंध नव्हता. वाचणारे सगळे जाणते होते, पण प्रत्येक जण वेगळी गोष्ट पाहत होता: कुणी विचार, कुणी मांडणी, कुणी शब्द, कुणी विरामचिन्हं.

म्हणून किमान दोघांनी तपासायचं, त्यातला एक त्या विभागाबाहेरचा. पहिली दहा पत्रं दोघांनी एकत्र बसून, भांडून तपासायची. हे भांडण फार उपयोगी असतं. 'सूर उद्धट आहे' असं एकाला वाटतं आणि 'नेमका आहे' असं दुसऱ्याला, तेव्हा संस्थेला काय हवं आहे हेच कधी ठरलं नव्हतं असं लक्षात येतं.

गुण शंभरपैकी देऊ नका. बासष्ट आणि सदुसष्ट यांत काय फरक आहे ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. मी तीनच खण ठेवतो: जसंच्या तसं पाठवता येईल, दोन ओळी बदलून पाठवता येईल, पुन्हा लिहावं लागेल. आणि प्रश्न मोजके. पहिल्या तीन ओळींत काम कळतं का? कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत करायचं ते आहे का? आकडे, नावं, तारखा बरोबर आहेत का? ज्याला पत्र गेलं त्याला एकदा वाचून समजेल का? सूर त्या नात्याला शोभतो का? प्रत्येक प्रश्नाला वरच्या तिनांपैकी एक खण.

खणात घालतानाही अडत असेल तर सोपी युक्ती आहे. दोन पत्रं शेजारी ठेवा आणि एवढंच विचारा, या दोघांपैकी कोणत्या पत्राने काम लवकर होईल? एकट्या वस्तूला गुण देण्यापेक्षा दोन वस्तूंची तुलना करणं माणसाला सोपं जातं. लुई थर्स्टन या मानसशास्त्रज्ञाने १९२७ साली याच पायावर मोजणीची पद्धत मांडली. भाजी बाजारात आपण तेच करतो. वांग्याला दहापैकी किती, असं कुणी विचारत नाही. हे घेऊ की ते, एवढंच.

इंटरनेटवर वाचनसुलभता मोजून देणारी साधनं मिळतात. त्यांच्या मागे लागू नका. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध सूत्र रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ साली इंग्रजीसाठी बनवलं. वाक्यात शब्द किती आणि शब्दात अक्षरं किती यावर ते चालतं. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. 'ठेवीदारांसाठीसुद्धा' हा एक शब्द आहे आणि तो कुणालाही अडत नाही. 'सदर' हा तीन अक्षरांचा शब्द मात्र अनेकांना अडतो.

लाल पेनाची जागा

ऱ्हस्व-दीर्घाचा खण वेगळा ठेवा आणि तो सर्वांत शेवटी भरा. मी शुद्धलेखनाच्या विरोधात नाही. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ आणि १९७२ अशा दोन टप्प्यांत ठरले, एकूण अठरा आहेत, दोन संध्याकाळींत शिकता येतात. पण तपासणाऱ्याच्या हातात लाल पेन आला की त्याला वेलांट्याच दिसतात. पत्र दहा ठिकाणी लाल झालं की ते वाईट वाटायला लागतं, आणि ज्या पत्रात कर्जाचा हप्ता ४,५०० ऐवजी ५,४०० पडला आहे ते स्वच्छ म्हणून सुटतं.

शिवाय मराठीत प्रत्येक चूक लिहिणाऱ्याची नसते. अजून कितीतरी कार्यालयांत जुने मसुदे श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये पडून आहेत. ते युनिकोडमध्ये आणताना रफार सरकतो, वेलांटी उडते, जोडाक्षर फुटतं. मोबाईलवर लिहिलं तर कीबोर्ड आपल्या मनाचे शब्द सुचवतो. वीस पत्रांत तीच ती चूक त्याच त्या जागी दिसली तर माणसाला बोलावण्याआधी संगणकाकडे बघा.

उलट काही बारीक गोष्टी लाल पेनातून निसटतात आणि काम अडवतात. 'आपण' हा शब्द घ्या. 'नमुने मंगळवारपर्यंत आपण पाठवायचे आहेत.' आपण म्हणजे तुम्ही की आपण सगळे की आम्ही? समोरच्याने आदरार्थी समजून पाठवले तर बरं. नाहीतर दोघंही मंगळवारची वाट बघत बसतात. 'आठ दिवसांत' हेही असंच. बोलताना त्याचा अर्थ एक आठवडा असतो, मोजायला बसलं की आठ दिवस होतात. 'लवकरात लवकर' तर कुणाचंच लवकर नसतं. अशा शब्दांसाठी वेगळी खूण ठरवा, निळी म्हणा.

एक सावधगिरी. धनादेश न वटल्याची नोटीस, थकबाकी वसुलीचं कायदेशीर पत्र, यांना फक्त सोपेपणाच्या तराजूत घालू नका. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली बँकेकडून धनादेश परतल्याची खबर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी मागणी करावी लागते आणि नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस मिळतात. तिथे तारीख, रक्कम, धनादेश क्रमांक आणि मागणीचं वाक्य चुकलं तर बाकीची भाषा कितीही गोड असून उपयोग नाही. ही पत्रं वकिलांकडून वेगळी पाहून घ्या आणि लिहिणाऱ्यांना एवढंच शिकवा की यातलं काय बदलायचं नाही.

इंग्रजी येत नाही, की सांगायचं काय ते ठरलेलं नाही?

महाराष्ट्रातल्या खासगी कंपन्यांत मला सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य हे: "आमच्या पोरांचं इंग्रजी कच्चं आहे, तेवढं पक्कं करून द्या." मराठी माध्यमातून आलेला डिप्लोमा इंजिनिअर परगावच्या गिऱ्हाइकाला मेल लिहितो. सुरुवात ठोकळेबाज शुभेच्छांनी, मध्ये गुंता, शेवटी 'काइंडली डू द नीडफुल'. साहेब म्हणतात इंग्रजी वाईट. असेलही. पण तसं ठरवण्याआधी दहा मिनिटं खर्च करा.

त्याला मेल बंद करून समोर बसवा आणि विचारा, काय झालं ते मराठीत सांग. तो सरळ सांगत असेल, "गेल्या लॉटमधल्या दोनशेपैकी अकरा पीसला भोक मोठं पडलं, ड्रिल घासलं होतं, बदललंय, शुक्रवारी नवे अकरा पाठवतो," तर त्याच्या डोक्यात पत्र तयार आहे. त्याला इंग्रजीची साठ-सत्तर वाक्यं, त्याच्या कामातली, हाताखाली दिली तर तो महिन्याभरात उभा राहतो. पण मराठीतही तो "म्हणजे सर, तो प्रॉब्लेम जरा तसा झाला होता, पण आता तसं काही नाही" असं बोलत असेल, तर इंग्रजीच्या वर्गाने तोच गोंधळ शुद्ध इंग्रजीत उतरेल. याला आधी घटना सांगायला शिकवायचं: काय झालं, का झालं, काय केलं, पुढे काय.

तिसरी शक्यता साहेबांना आवडत नाही. पोराला सगळं माहीत आहे, इंग्रजीही जमतं, पण चूक आपली आहे हे लिहायची त्याला परवानगी नाही. मग तो धुकं लिहितो. गिऱ्हाईक चिडतं, साहेब म्हणतात याला लिहिता येत नाही. अशा वेळी त्याच्या साहेबांनी मेलमधून काय काय खोडलं तेही नमुन्यात घ्या. मसुद्याच्या जुन्या प्रती मिळाल्या तर जरूर बघा. लिपिकाचं पहिलं वाक्य बरं असतं आणि तीन सह्यांनंतर ते 'उपरोक्त विषयास अनुसरून' होतं, असं मी इतक्यांदा पाहिलं आहे की हल्ली मी प्रशिक्षणाच्या यादीत आधी सही करणाऱ्यांची नावं मागतो. मिळत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

अर्ध्या तासाचं काम

जुने नमुने पुरेसे नसतात असं दोन वेळा होतं. माणूस नवा असतो, किंवा त्याची पत्रं चॅटजीपीटीसारख्या साधनाने लिहिलेली असतात. दुसरं आता फार सामान्य आहे आणि त्यात गैर काही नाही. पण मग तपासायचं ते वेगळं. अशा वेळी अर्ध्या तासाचं काम द्या, त्याच्याच टेबलावर, त्याच्याच साधनांसह.

काम असं बनवा. एका तक्रारीची हकिकत कच्च्या स्वरूपात द्या: ग्राहकाचा रागावलेला निरोप, दोन अंतर्गत टिपणं, एक आकड्यांचा तक्ता. त्यात एक माहिती बिनकामाची घाला आणि एक गरजेची माहिती मुद्दाम गाळा, उदाहरणार्थ माल परत कोणत्या पत्त्यावर पाठवायचा ते. सांगा, ग्राहकाला उत्तर लिहा. आता बघा: बिनकामाचं बाहेर ठेवतो का? आणि गाळलेल्या पत्त्याबद्दल उठून विचारायला येतो का? जो येतो त्याला लिहिता येतं, वाक्यं थोडी वाकडी असली तरी. जो न विचारता 'आमच्या पत्त्यावर पाठवावे' लिहून मोकळा होतो, त्याची वाक्यं सुंदर असली तरी त्याला शिकवायचं बाकी आहे. यंत्राने लिहून दिलेलं पत्रसुद्धा इथेच उघडं पडतं. यंत्र बहुधा मोकळी जागा गुळगुळीत शब्दांनी भरून देतं. ती जागा रिकामी होती हे माणसाला दिसलं पाहिजे.

ढीग लावणं

एवढं झालं की तुमच्याकडे प्रत्येक माणसाच्या नावाने पाच-सहा नमुने, त्यांच्या मागचे दुसरे निरोप आणि दहा मिनिटांच्या बोलण्याचं टिपण असतं. आता टेबलावर ढीग लावा. ज्यांना विषयच पुरता माहीत नाही ते एका बाजूला. त्यांना लेखनाचं नाही, कामाचं प्रशिक्षण द्या. व्याजाची आकारणी कळत नसलेला माणूस व्याजाबद्दल नीट लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे पण मांडता येत नाही, ते दुसरीकडे. खरी कार्यशाळा यांच्यासाठी, आणि तीही त्यांच्याच पत्रांवर. भाषेत अडणारे तिसरीकडे. त्यांना वर्ग नको, आठवड्यातून एकदा शेजारी बसून दुरुस्त करून दाखवणारं कुणीतरी हवं. चौथा ढीग हात बांधलेल्यांचा, मसुद्याने किंवा साहेबांनी.

माझा अनुभव असा की पस्तीस जणांच्या कार्यालयात पहिल्या दिवशी 'सगळ्यांना कार्यशाळा' अशी मागणी असते आणि ढीग लावल्यावर कार्यशाळेची गरज बारा-पंधरा जणांना उरते. उरलेल्या पैशांतून चौथ्या ढिगाचं काम करा: सर्वांत जास्त रेघा पडलेले पाच मसुदे काढा, ते रोज वापरणाऱ्या लिपिकांना आणि काउंटरवरच्या माणसाला एकत्र बसवून नव्याने लिहून घ्या, आणि पाठवण्याआधी दोन ठेवीदारांना मोठ्याने वाचायला लावा. जिथे ते अडतील तिथे बदला.

त्या पतसंस्थेतलं ठेवीचं पत्र असंच बदललं. नवं पत्र चार ओळींचं होतं: 'तुमची ५०,००० रुपयांची मुदत ठेव १२ तारखेला पूर्ण होते. पैसे परत हवे असतील तर ११ तारखेपर्यंत पावती घेऊन शाखेत या किंवा सहीची चिठ्ठी देऊन कुणाला पाठवा. तुमच्याकडून काही कळलं नाही तर ठेव आणखी एक वर्ष चालू राहील. त्या वर्षात मध्येच मोडल्यास व्याज कमी मिळेल.' संचालकांपैकी एकांना ते 'फार बोलीतलं' वाटलं. शेवटी वर 'सप्रेम नमस्कार' आणि खाली 'आपला विश्वासू' ठेवून तडजोड झाली. त्याने बिघडलं काही नाही.

प्रशिक्षण संपल्यावर अभिप्रायाचे कागद भरून घेतले जातात. व्याख्याते चांगले होते, जेवण उत्तम होतं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या, त्यांतली ही पहिली आणि सर्वांत खालची. वरच्या दोन, म्हणजे माणूस कामावर वेगळं वागतो का आणि त्याने संस्थेला काय मिळालं, यांच्यासाठी तुमच्याकडे आता साधन आहे. तीन महिन्यांनी पुन्हा जावक वहीतला दर दहावा क्रमांक काढा, त्याच दोघांना तपासायला द्या, जुने आणि नवे नमुने तारीख झाकून एकत्र मिसळून. तारीख दिसली तर नवं पत्र आपोआप बरं वाटतं. टेलिफोनजवळची वहीही पुन्हा दोन आठवडे ठेवा.

वेळ मात्र जपून निवडा. पतसंस्थेत आणि बँकेत मार्चअखेरीच्या आसपास नमुना घेऊ नका. त्या दिवसांत चांगला लिहिणारासुद्धा फक्त तारीख बदलतो. सप्टेंबर वार्षिक सभांच्या गडबडीत जातो, त्यानंतर दिवाळी. पहिला नमुना जूनच्या शेवटी आणि दुसरा नोव्हेंबरच्या मध्यात काढला तर हिशोब बरोबर बसतो.